इलेक्ट्रॉनची गिरकी आणि लोहचुंबकाचे कोडे

मागच्या हिवाळ्यात मुलगा, सून आणि नातू यांच्याबरोबर दुबईहून रास अल-खैमाला जाण्याचा योग आला. तेथील जुन्या किल्ल्यात वस्तुसंग्रहालय आहे, ते पाहून आम्ही परतत होतो. गाडी चालविता चालविता माझा मुलगा नातवाला अहमद इब्न माजिदची हकीकत सांगत होता. पंधराव्या शतकातला हा नामांकित तांडेल याच भागातल्या जुल्फार बंदरचा. समुद्रातल्या वाटा, वारे आणि तारे यांवर त्याने सुमारे १४९० साली मोठा ग्रंथ लिहिला. वास्को द गामाला हिंदुस्थानची वाट त्यानेच दाखविली असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. इतिहासकार आता ते खरे मानीत नाहीत. परंतु आखातातून आपल्या किनाऱ्याकडे येणारी गलबते ज्या विद्येवर चालत, तिचा तो मोठा जाणकार होता, आणि त्या विद्येत होकायंत्राची सुईही होती.

नातू अकरावीत आहे. तो मला म्हणाला, "आजी, ती सुई उत्तरेकडेच का बघते?"

मी म्हटले, "अरे, पृथ्वी हाच एक मोठा लोहचुंबक आहे, आणि सुईही चुंबकच."

"ते मला माहीत आहे गं. पण सुई चुंबक का? तिच्या आत काय आहे?"

मी गप्प. मग तोच म्हणाला, "पुस्तकात लिहिलंय, इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरतो म्हणून. आणि आमचे सर म्हणतात, परीक्षेत तसं लिहा, पण तो खरा फिरत नाही. मग तो करतो तरी काय?"

वाचकहो, हा प्रश्न मला नवा नव्हता. १९९०च्या दशकात मी ज्या इस्पितळात नोकरीला होते तेथे एम.आर.आय.चे यंत्र आले. एके दिवशी रत्नागिरीकडचे एक काका पाठीच्या दुखण्यासाठी आले. इकडे इमारतीच्या कामावर मुकादम होते. गाडीवरून त्यांना यंत्राच्या खोलीकडे नेताना ते म्हणाले, "सिस्टर, एवढ्या मोठ्या लोहचुंबकाला माझ्या अंगात काय सापडायचं? माझ्या अंगात कुठं लोखंड आहे?" मी म्हटले, "काका, घाबरू नका, नुसता फोटो निघतो." उत्तर येत नव्हते म्हणून मी धीर दिला. परिचारिकेच्या धंद्यात ही युक्ती आपण सगळ्याच करतो. पण ते काका माझ्या मनात राहिले.

मी शिकले पेणला, मराठी शाळेत. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव नंतरचे. अकरावीपर्यंतचे शास्त्र आणि नंतर मुंबईतले नर्सिंगचे शिक्षण, एवढ्या शिदोरीवर मी आखातात आले. निवृत्तीनंतर मात्र सवड मिळाली. नातवाची पुस्तके, वाचनालयातली पुस्तके, समजले नाही ते पुन्हा वाचणे, असे करीत जे हाती आले ते येथे मांडीत आहे. त्यात आपल्याच लोकांची नावे इतकी भेटली, आणि अखेरीस वाट मुंबईपर्यंत अशी येऊन पोचली, की हे घरच्या मासिकात सांगितल्याशिवाय राहवेना.

चुलीतल्या मिठाची पिवळी ज्योत

चुलीवर भात उतू गेला आणि मिठाचे पाणी जाळावर सांडले की ज्योत क्षणभर पिवळी धमक होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. पूर्वी रस्त्यांवर जे पिवळे दिवे असत, त्यांचा प्रकाशही सोडियमचाच. हा प्रकाश लोलकातून नीट पसरून पाहिला तर पिवळी रेघ एक नसून अगदी शेजारी-शेजारी असलेल्या दोन रेघा आहेत असे दिसते. एकीची लहर ५८९.० नॅनोमीटर, दुसरीची ५८९.६. फरक हजारात एक इतकाच.

एकोणिसाव्या शतकात ही जोडी सर्वांना ठाऊक होती, पण ती जोडी का, ते कोणाला सांगता येत नव्हते. १८९६ साली हॉलंडमध्ये लायडन येथे पीटर झेमान यांनी सोडियमची ज्योत जबर लोहचुंबकाजवळ धरली, तेव्हा रेघा रुंदावल्या. त्यांचे गुरू लोरेन्ट्झ यांनी त्याचे गणित मांडले, आणि १९०२ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. लोरेन्ट्झच्या गणिताप्रमाणे एका रेघेच्या तीन व्हावयास हव्या होत्या. काही पदार्थांत तशा झाल्या. सोडियममध्ये मात्र चार झाल्या, सहा झाल्या. शास्त्रज्ञांनी त्याला 'विपरीत' परिणाम असे नाव देऊन टाकले. नाव दिले म्हणजे दुखणे कळले असे होत नाही, हे वॉर्डात काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. पुढची पंचवीस वर्षे या दुखण्याचे निदान झाले नाही.

फ्रँकफुर्टचा चिरूट

आता १९२२ सालच्या जर्मनीत चला. महायुद्ध हरलेला देश, पैशाची किंमत रोज घसरते आहे. फ्रँकफुर्टच्या विद्यापीठात ओटो स्टर्न नावाच्या यहुदी शास्त्रज्ञाने एक प्रयोग योजला होता. चांदी भट्टीत तापवून तिची वाफ करावयाची, वाफेतून अणूंची बारीक धार काढावयाची, ती धार लोहचुंबकाच्या धारदार आणि खाचदार अशा दोन टोकांमधून न्यावयाची, आणि पलीकडे काचेवर अणू कोठे बसतात ते पाहावयाचे. अणू हे छोटे चुंबक असतील आणि वाटेल त्या दिशेला तोंड करून असतील, तर काचेवर एक पसरट डाग पडेल. पण काही ठरावीक दिशाच त्यांना मोकळ्या असतील, तर डाग फुटेल.

हातकाम वाल्टर गेरलाख यांचे. पैसे नव्हते. प्रयोगशाळेचे प्रमुख माक्स बोर्न यांनी आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवर तिकीट लावून व्याख्याने दिली आणि ती रक्कम इकडे वळविली. तीही पुरेना, तेव्हा न्यूयॉर्कचे हेन्री गोल्डमन यांना पत्र गेले आणि काही शे डॉलरचा चेक आला.

प्रयोगाच्या सुरुवातीच्या दिवसांची एक गोष्ट स्टर्न म्हातारपणी सांगत. काचेवर काहीच दिसेना. स्टर्ननी काच हातात घेतली आणि ते जवळून पाहू लागले, तो हळूहळू त्यावर काळसर खूण उमटली. पगार बेताचा, म्हणून ते स्वस्तातले चिरूट ओढीत. त्या धुरात गंधक फार. गंधकाने चांदी काळी पडते, हे आपल्या घरातल्या चांदीच्या भांड्यांवरून आपणही जाणतो.

फेब्रुवारी १९२२ मध्ये गेरलाख यांच्या काचेवर डाग स्वच्छ दोन ठिकाणी फुटलेला दिसला. मधे कोरे. त्यांनी ८ फेब्रुवारीला त्याचा फोटो पोस्टकार्डावर लावून कोपनहेगनला नील्स बोरना पाठविला आणि त्यांचे अभिनंदन केले, कारण बोरच्या सिद्धांताची ही खातरी आहे असे सर्वांना वाटले. वास्तविक ती दुसऱ्याच गोष्टीची खातरी होती. चांदीच्या अणूतल्या सर्वांत बाहेरच्या, एकट्या इलेक्ट्रॉनला दोनच दिशा असतात, 'वर' किंवा 'खाली', हे त्या काचेवर लिहिलेले होते. पण ते वाचणारा त्या वेळी कोणी नव्हता. पुरावा हाती असून पाच वर्षे तो चुकीच्या पाकिटात पडून राहिला. १९२७च्या सुमारास त्याचा खरा अर्थ लागला.

न बोललेला एक आणि बोललेले दोघे

१९२४-२५च्या हिवाळ्यात हँबुर्गचे वोल्फगांग पाउली यांनी सांगितले की इलेक्ट्रॉनची स्थिती नेमकी सांगावयाची तर नेहमीच्या तीन आकड्यांखेरीज आणखी एक आकडा लागतो, आणि त्याच्या किमती दोनच असतात. हा चौथा आकडा कशाचा? पाउली म्हणत, त्याचे चित्र काढू नका, तो केवळ आहे.

जानेवारी १९२५ मध्ये राल्फ क्रोनिग नावाचा वीस वर्षांचा तरुण जर्मनीतल्या ट्यूबिंगेन येथे आला होता. तेथे त्याला पाउलींचे पत्र वाचावयास मिळाले. त्याच्या मनात लगेच आले, पृथ्वीला जसे परिभ्रमण आहे तसे परिवलनही आहे; मग इलेक्ट्रॉनही अणुकेंद्राभोवती फिरता फिरता भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत असेल! विद्युत्‌भार फिरला की चुंबक होतो, आणि भोवरा डावीकडे किंवा उजवीकडे, म्हणजे दोनच प्रकारे. त्याच दिवशी त्याने गणितही केले. दुसऱ्या दिवशी खुद्द पाउली तेथे आले. त्यांनी ऐकून घेतले आणि कल्पना मोठी गमतीची आहे, पण सृष्टी तशी नाही, असे सांगून तो विषय मिटविला. पुढे कोपनहेगनलाही कोणी उत्साह दाखविला नाही. शिवाय त्याच्या गणितात उत्तर दुप्पट येत होते. क्रोनिगने लेख छापला नाही.

आठ-नऊ महिन्यांनी तीच कल्पना लायडनच्या दोन विद्यार्थ्यांना सुचली. त्यांतला जॉर्ज उलेनबेक जन्माने बटावियाचा, आजच्या जाकार्ताचा. दुसरा सॅम्युएल गाउडस्मिट हेगच्या यहुदी कुटुंबातला. वडिलांचा न्हाणीघराच्या सामानाचा व्यापार, आईचे टोप्यांचे दुकान. दोघांचे गुरू पाउल एरेनफेस्ट, तेही यहुदी, व्हिएन्नाचे. त्यांनी मुलांना कल्पना कागदावर लिहावयास लावले आणि म्हाताऱ्या लोरेन्ट्झना विचारून यावयास सांगितले.

लोरेन्ट्झनी आठवड्याने कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला. इलेक्ट्रॉन जेवढा मोठा समजला जाई, तेवढा धरून हवे तितके चुंबकत्व यावयाचे, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या कितीतरी पट व्हावा लागेल! आणि प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही. उलेनबेक घाबरून एरेनफेस्टकडे धावला आणि लेख छापू नये असे म्हणाला. एरेनफेस्टनी उत्तर दिले की लेख केव्हाच रवाना झाला आहे, आणि तुम्ही दोघे अजून तरुण आहात, एखादा मूर्खपणा तुम्हांला परवडेल. लेख नोव्हेंबर १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेच इलेक्ट्रॉनच्या 'स्पिन'चे जन्मटिपण.

दुप्पट उत्तराची अडचण लवकरच १९२६ साली ल्युएलिन टॉमस या बावीस वर्षांच्या इंग्रज तरुणाने सोडविली. वेगाने वळत जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचा हिशेब सापेक्षतेप्रमाणे केला की ते अर्धे होते, हे त्याने दाखविले. मग पाउलींनीही मान तुकविली. चुलीतल्या पिवळ्या रेघेची जोडी आता समजली. अणूच्या आत फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनला एक चुंबकक्षेत्र जाणवते, आणि त्याचा स्वतःचा चुंबक त्या क्षेत्राच्या बाजूने असेल किंवा उलट. दोन्हींच्या ऊर्जेत किंचित फरक, म्हणून रेघा दोन.

क्रोनिगची गोष्ट मला बोचते, कारण त्या जागी मी स्वतः उभी राहिले आहे. एम.आर.आय.साठी जाणाऱ्या एका बाईंच्या डोक्यावर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण मला दिसला. आत धातूची चाप असेल का, असे मी वरिष्ठांना विचारले. कागदपत्रांत तसे काही नाही, उगीच खोळंबा करू नका, असे चारचौघांत ऐकावे लागले. मी गप्प बसले. तंत्रज्ञाने यंत्राच्या दाराशी पुन्हा विचारले, नातेवाइकांना फोन झाला, आणि चाप होती. जुनी लोखंडी चाप त्या चुंबकात हलली असती तर मेंदूतली रक्तवाहिनी फाटली असती. बाई वाचल्या, त्यात माझी काही कामगिरी नव्हती. त्या दिवसापासून मी शंका दोनदा विचारीत आले.

गाउडस्मिटचे पुढे काय झाले, तेही सांगावयास हवे. १९२७ साली तो आणि उलेनबेक दोघेही अमेरिकेत मिशिगनला गेले. आईवडील हेगलाच राहिले. १९४३ साली नाझींनी त्यांना ऑशविट्झला नेऊन मारले. युद्धाच्या अखेरीस गाउडस्मिट अमेरिकन सैन्याच्या शास्त्रीय पथकाचा प्रमुख म्हणून युरोपात परतला आणि हेगच्या जुन्या घरी गेला. खिडक्यांना तावदाने नव्हती, सामान नाहीसे झालेले. विखुरलेल्या कागदांत त्याला स्वतःची शाळेतली प्रगतिपुस्तके सापडली. आईवडिलांनी ती जपून ठेवली होती. देश सोडलेल्या मुलामुलींनो, आपल्या गावच्या घरीही फडताळात असे काही ठेवलेले असेल.

मग तो फिरतो की नाही?

आता नातवाच्या प्रश्नाकडे येते. लोरेन्ट्झची हरकत बिनतोड होती, ती आजही बिनतोड आहे. उलट आज ती अधिकच जोरदार आहे, कारण इलेक्ट्रॉनला आकार असल्याची कोणतीही खूण प्रयोगांत सापडलेली नाही. ज्याला कडच नाही, त्याची कड फिरणार कशी? म्हणजे भोवऱ्याचे चित्र खोटे. पण भोवऱ्याचा परिणाम खरा! १९१५ साली बर्लिनमध्ये आइन्स्टाइन आणि दे हास यांनी लोखंडाची कांडी तारेच्या वेटोळ्यात टांगून तिचे चुंबकत्व उलटविले, तेव्हा कांडीने खरोखरच किंचित गिरकी घेतली. चुंबकत्वाबरोबर फिरत येते, यात संशय नाही.

त्या प्रयोगातही एक धडा आहे. इलेक्ट्रॉन अणूभोवती घिरट्या घालतात म्हणून लोखंड चुंबक होते, असे त्या दोघांनी धरले होते. तसे असते तर एक ठरावीक गुणोत्तर १ यावयास हवे. त्यांना १च्या जवळचे उत्तर मिळाले, आणि हवे ते मिळाल्यावर ते थांबले. पुढच्या चार-पाच वर्षांत इतरांनी जपून मोजले तर ते जवळजवळ २ आले. आइन्स्टाइनसारख्या माणसालाही अपेक्षेने चकविले! ते २ म्हणजे इलेक्ट्रॉनच्या घिरट्यांचे नव्हे, तर त्याच्या अंगच्या चुंबकत्वाचे चिन्ह. सुईतले चुंबकत्व मुख्यतः तेच आहे. लोखंडाच्या प्रत्येक अणूत काही इलेक्ट्रॉन जोडीदाराशिवाय असतात. शेजारच्या अणूंतले असे इलेक्ट्रॉन एकाच दिशेला तोंड करतात, आणि कोट्यवधींचा मेळ जमला की सुई होते.

हे २ कोठून आले? १९२८ साली केंब्रिजच्या पॉल डिरॅक यांनी पुंजसिद्धांत आणि सापेक्षता या दोहोंना मान्य होईल असे इलेक्ट्रॉनचे समीकरण लिहिले. गिरकी त्यात घातली नव्हती. समीकरण लिहून झाले तो गिरकी आपोआप आत बसलेली, आणि २ हा आकडाही. नंतर १९६७ साली फ्रान्सचे लेव्ही-लब्लाँ यांनी दाखविले की सापेक्षतेचा आधार न घेताही, समीकरण त्याच धर्तीवर मांडले, तर तेच २ मिळते. म्हणजे गिरकीचे मूळ इलेक्ट्रॉन कशाच्या तरी वेगाने फिरण्यात नाही. अवकाशात दिशा बदलली असता इलेक्ट्रॉनची लहर कशी बदलते, या तिच्या घडणीतच ते आहे. १९३९ साली बेलिंफांते या डच शास्त्रज्ञाने गणिताने दाखविले की या लहरीत ऊर्जेचा प्रवाह गोल वाहतो असे मानता येते. गिरकी त्या प्रवाहाची आहे, एखाद्या गोळ्याची नव्हे.

ही घडण आपल्या रोजच्या वस्तूंपेक्षा निराळी आहे. भोवरा एक पूर्ण फेरा फिरविला की होता तसा दिसतो. इलेक्ट्रॉनची लहर एका फेऱ्याने उलटी होते, मूळ जागी यावयास तिला दोन फेरे लागतात. ऐकून चमत्कारिक वाटते, पण मी नातवाला ते ट्रे घेऊन दाखविले. तुम्हीही करून पाहा. तळहातावर ट्रे आडवा धरा आणि तो न कलंडता काखेखालून एक फेरा फिरवा. ट्रे पहिल्यासारखा झाला, पण हाताला पीळ पडून कोपर वर गेलेले असते. त्याच दिशेने दुसरा फेरा डोक्यावरून फिरवा, आणि पीळ सुटून हात सरळ होतो. एका फेऱ्यात जे घडत नाही ते दोन फेऱ्यांत घडते. १९७५ साली न्यूट्रॉन या कणावर, ज्याची गिरकी याच जातीची आहे, प्रयोग करून ही दोन फेऱ्यांची गोष्ट प्रत्यक्ष ताडून पाहिली गेली.

शिवाय ते २ अगदी २ नाही, हे १९४७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कुश आणि फोली यांच्या मोजमापात निघाले. ज्युलियन श्विंगर यांनी लगेच हिशेब केला. रिकाम्या वाटणाऱ्या अवकाशातही विद्युत्‌चुंबकीय हालचाल चालू असते, तिच्यामुळे इलेक्ट्रॉनचे चुंबकीय परिबल हजारात सुमारे १.१६ भागाने वाढते. ते सूत्र त्यांच्या थडग्यावर कोरलेले आहे. २०२३ साली अमेरिकेत गॅब्रिएल्स यांच्या गटाने हे परिबल मोजले ते त्याच्या ठरलेल्या एककात १.००११५९६५२१८०५९ इतके. माणसाने इतके बारीक मोजलेली आणि हिशेबाशी इतकी जुळलेली दुसरी गोष्ट क्वचितच असेल.

मुंबईपर्यंत आलेली वाट

स्टर्न पुढे हँबुर्गला गेले. १९३३ साली त्यांनी आपल्या सोबत्यांसह प्रोटॉनचा चुंबक मोजला. सिद्धांतवाले म्हणत होते, कशाला श्रम करता, उत्तर १ येणार हे ठरलेले आहे. आले अडीचच्या आसपास! त्याच वर्षी नाझींचे राज्य आले आणि स्टर्ननी हँबुर्ग सोडून अमेरिकेची वाट धरली.

त्यांच्या हाताखाली हँबुर्गला शिकून गेलेले इसिडोर रबी हे गॅलिशियात जन्मून तान्हेपणी न्यूयॉर्कला आलेले गरीब घरचे मूल. इतर मुलांच्या आया शाळेतून आल्यावर 'आज काय शिकलास?' म्हणून विचारीत. रबींची आई विचारी, 'आज चांगला प्रश्न विचारलास का?' असे ते सांगत. रबींनी १९३८च्या सुमारास एक युक्ती काढली. चुंबकात ठेवलेल्या अणुकेंद्राला नेमक्या कंपनाच्या रेडिओलहरी दिल्या की ते पलटते. १९४६ साली झुरिकचे यहुदी, नाझींमुळे जर्मनी सोडून स्टॅनफर्डला आलेले फेलिक्स ब्लॉख यांनी, आणि स्वतंत्रपणे हार्वर्डच्या पर्सेल यांनी, हेच साध्या पाण्यात व मेणात करून दाखविले.

ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत हिंदुस्थानातून गेलेले डॉ. एस. एस. धर्मट्टी काम करीत होते. १९५१ साली अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या अल्कोहोलवर हा प्रयोग केला. इंजेक्शनपूर्वी कापसाच्या बोळ्याने आपण लावतो त्या स्पिरिटातले हे अल्कोहोल. हायड्रोजनची एकच खूण यावी तेथे तीन आल्या, ३, २ आणि १ या प्रमाणात, कारण अल्कोहोलच्या रेणूत हायड्रोजन तीन, दोन आणि एक अशा तीन ठिकाणी बसलेला असतो. रेणू न फोडता त्याची घडण ओळखण्याची किल्ली हाती आली. आज औषधांच्या कारखान्यांत आणि महाविद्यालयांत ती रोज वापरात आहे.

धर्मट्टी परत आले ते होमी भाभांच्या संस्थेत. भाभा मुंबईचे, केंब्रिजला शिकलेले. १९३९ साली सुटीवर आले आणि युद्धामुळे इथेच राहिले. बंगलोरला असताना १९४१ साली त्यांनी कॉर्बेन यांच्यासह गिरकी असलेल्या विद्युत्‌भारित कणांचे गणित प्रसिद्ध केले होते. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईत पेडर रोडवरच्या एका बंगल्यात आली. कुलाब्याची समुद्राकाठची इमारत १९६२ची. धर्मट्टींनी तेथे अणुकेंद्राच्या गिरकीचा अभ्यास करणारा गट उभा केला. फ्रँकफुर्टच्या धुरात उमटलेली खूण अशी हँबुर्ग, न्यूयॉर्क, स्टॅनफर्ड करीत कुलाब्याच्या दांडीपर्यंत पोचली.

काकांना द्यावयाचे उत्तर

१९७३ साली लॉटरबर यांनी याच युक्तीने चित्र काढता येते हे दाखविले. मॅन्सफील्ड यांनी ती पद्धत वेगवान केली. २००३ साली दोघांना नोबेल मिळाले. तेच आपले एम.आर.आय.

तर रत्नागिरीचे काका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. तुमच्या अंगात लोखंडाचा खिळा नाही, पण पाणी आहे. पाण्यात हायड्रोजन आहे, त्याच्या केंद्रात प्रोटॉन आहे, आणि इलेक्ट्रॉनप्रमाणे प्रोटॉनही उपजत चुंबक आहे. यंत्राचा चुंबक बहुधा दीड टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. त्यात तुमच्या प्रोटॉनांपैकी किंचित अधिक एका दिशेला झुकतात. रेडिओलहरींनी त्यांना हलविले की परतताना ते बारीक हाक देतात, आणि त्या हाकांचे चित्र होते. ती ठकठक यंत्राच्या वेटोळ्यांची. तुमच्या अंगातून काही काढून घेतले जात नाही.

आणि एक गोष्ट मला निवृत्तीनंतर कळली, ती माझ्या परिचारिका भगिनींसाठी. काही रुग्णांना मधेच शिरेतून गॅडोलिनियमचे इंजेक्शन देतात. १९८८ पासून ते प्रचारात आहे. त्याआधी मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहावयाचा, एवढे आम्हांला पाठ. ते देतात तरी का? या औषधातल्या गॅडोलिनियमच्या आयनात सात इलेक्ट्रॉन बिनजोडीचे असतात. इलेक्ट्रॉनचा चुंबक प्रोटॉनच्या सुमारे ६५८ पट जबर. हे सात जण शेजारच्या पाण्यातल्या प्रोटॉनांना लवकर थाऱ्यावर आणतात, म्हणून जेथे औषध झिरपते तो भाग चित्रात उजळ दिसतो. उलेनबेक आणि गाउडस्मिट यांचा तो 'मूर्खपणा' मी कित्येक वर्षे सिरिंजमध्ये भरून देत होते, आणि मला पत्ता नव्हता!

नातवाला मी सांगितले, "बाळा, पुस्तक म्हणतं तो फिरतो, सर म्हणतात तो फिरत नाही. सरांचंच खरं. इलेक्ट्रॉनला जसा भार आहे, वजन आहे, तशी गिरकी आहे. ती त्याची करणी नव्हे, त्याची जात आहे. 'फिरतो' हा शब्द दोन पोरांनी धाडसानं वापरला, चित्र चुकलं, पण गोष्ट खरी निघाली."

तो म्हणाला, "मग आजी, ज्याला आकार नाही त्याच्यात एवढं सगळं राहतं कुठं?"

याचे उत्तर मला येत नाही. पण या वेळी मी त्याला धीर दिला नाही. म्हटले, "हाच प्रश्न उद्या वर्गात विचार. आणि कोणी हसलं, तर दुसऱ्यांदा विचार."